न लागणारी तोड

तोड, म्हणजे डावावरचा उलटा डाव, काही केल्या लागत नव्हती.

गोष्ट तशी साधी होती. जर्मनीतल्या बांबेर्गच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत, गादीवर, दीटलिंडने योस्टला कमरेवर घ्यायचं आणि त्याच क्षणी योस्टने तिच्या पायांपुढे पाय टाकून उलट तिलाच लोळवायचं. पाचेकशे वर्षांपूर्वी कुणा पैलवानाने हे पोथीत लिहून ठेवलं होतं, शेजारी चित्रही काढून घेतलं होतं. पण योस्टने पाय टाकला, की दोघं नाचाच्या वर्गात आल्यासारखी एकमेकांना धरून नुसती उभी राहायची.

"मास्तर, परत वाचा ना," दीटलिंड म्हणाली.

गुन्डोल्फ मास्तर निवृत्त लॅटिन शिक्षक. पोथ्यांतली कुस्ती खेळणाऱ्या या मंडळात जुनं अक्षर लागायचं ते त्यांनाच. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. "'त्याने तुला कमरेवर घेतलं, की त्याच्या पायांपुढे पाय टाक आणि त्याच्याबरोबर जा. तो आपल्याच बळाने पडेल. पुढचं तुला ठाऊक आहेच.'"

"ठाऊक असतं तर पोथी कशाला उघडली असती?" योस्ट म्हणाला.

चित्र बघावं तर डोकं आणखी फिरायचं. घट्ट विजारीतले दोन पुरुष, चार पाय, आणि त्यातला कुठला कुणाचा यावरून मंडळात दोन तट. दीटलिंडने आधी उजवा पाय सांगितला, मग डावा सांगितला, शेवटी चित्रकारालाच मूर्खात काढून मोकळी झाली.

एरवी तिला याची मजाच वाटली असती. पण गेल्या हिवाळ्यात योस्ट बर्फावरून सायकलसकट घसरला होता आणि त्याचा उजवा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच मोकळीक दिली, तरी त्याचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. शनिवारच्या मेळाव्यात ही तोड त्याला करून दाखवायची होती. काल बिअर पिता पिता तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला होता, "नाही जमलं तर मी गादी सोडतो." योस्टशिवाय दुसऱ्या कुणाशी झुंजण्याची दीटलिंडला कल्पनाच करवत नव्हती.

तिने पुन्हा पकड घेतली, कंबर आत घातली, त्याला उचललं आणि बेताने फिरवलं. योस्ट मधेच थांबला.

"तू मला पाडतच नाहीयेस."

"पाडतेय की."

"खाली ठेवतेयस. काचेचं कपाट हलवावं तसं."

"जोडीदार धड घरी गेला पाहिजे, हा मंडळाचा पहिला नियम आहे."

योस्ट मास्तरांकडे वळला. "मास्तर, तो कुणाच्या बळाने पडतो म्हणालात?"

"आपल्याच," मास्तर म्हणाले.

"आणि हिने बळ लावलंच नाही, तर मी पाडू कशाने?"

दीटलिंडचे कान तापले. महिनोन् महिने ती पोथीला दोष देत होती, चित्राला देत होती, मनातल्या मनात योस्टलाही देत होती.

"खांद्याला काही झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. पण असं जपून जपून मला म्हातारा करू नकोस."

याचा तिला राग आला, आणि रागाखाली भीती होती ती तशीच राहिली. त्या दोन्हींसकट तिने त्याला धरलं आणि खरोखर फेकलं.

पुढे काय झालं ते तिला कळलं नाही. तिचीच पाठ गादीवर दणकन आपटली आणि डोळ्यांपुढे छताचे दिवे आले.

"कुठला पाय टाकलास?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक."

"मास्तर, तुम्ही तर बघत होतात."

"मी डोळे मिटून घेतले होते," मास्तर ओशाळून म्हणाले.

खांदा कसा आहे, हे विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. योस्टने तिला उठवायला हात पुढे केला, उजवा. हिवाळ्यापासून ती मुद्दाम त्याचा डावाच धरत आली होती. तिने उजवा पकडला, अंगाचा सगळा भार त्यावर टाकला आणि उठली.