कपाटावरचा हिरवा दिवा

मी ताईला सांगत होतो, चालतंय तसं चालू दे. पण माझ्या थोरल्या बहिणीने एकदा मनावर घेतलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ती ऐकायची नाही.

आई आमच्यापासून लांब, एकटी राहते. तिला उभ्या उभ्या चक्कर येते. मागे एकदा पडून मनगट मोडून घेतलं. तेव्हा ताईने तिच्या खोलीतल्या उंच कपाटावर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा एक जुना संगणक ठेवला आणि त्याला कॅमेरा जोडला. इथे बसून आम्ही आईला बघतो. फक्त चित्र सारखं अडखळायचं. दोष वायफायच्या ड्रायव्हरचा, म्हणजे वायफाय चालवणाऱ्या प्रोग्रामचा. जुना काढायचा, नवा घालायचा, एवढंच काम. ताई ते इथूनच करत होती.

आई खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने जुना ड्रायव्हर काढला आणि चित्र गेलं.

"आता नवा घाल," मी म्हणालो.

ताईची बोटं थबकली होती. "कसा घालू? वायफायच गेलं ना."

ज्या फांदीवर बसली होती तीच तोडली होती बाईंनी! मी खो खो हसलो. मग मला तो हिरवा दिवा आठवला. वायफाय चालू असलं की संगणकावर लागतो. दिवा आहे म्हणजे पोरं बघताहेत, एवढंच आईला कळतं. दिवा गेला तर बटण दाबून संगणक बंद करायचा, पुन्हा दाबून सुरू करायचा, हे ताईने शेजारच्या शिंपीणकाकूंना शिकवलं, तेव्हा आई बाजूलाच उभी होती. तिचा हात बटणापर्यंत पोचायला स्टूल लागतं. स्टुलाला हात लावायचा नाही अशी तिला सक्त ताकीद होती. पण ती ऐकते थोडीच? ताई शेवटी तिचीच लेक.

मी आईला फोन लावला. दुपारी ती कानातलं यंत्र काढून ठेवते. फोन वाजून वाजून बंद झाला. मग शिंपीणकाकूंना लावला. त्या दुकानात होत्या, पण आईच्या घराची चावी त्यांच्याकडे असते. "निघालेच," त्या म्हणाल्या.

ताई काळ्या पडद्याकडे टक लावून बसली होती. "चालू होऊ नकोस," ती पुटपुटत होती. "देवा, चालू होऊ देऊ नकोस."

मला क्षणभराने उमगलं. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की काढलेला ड्रायव्हर आपोआप परत येतो. संगणक चालू झाला, तर आई स्टुलावर चढलीय.

चित्र आलं.

पडदाभर आईचा चेहरा. कपाळावर घाम, एका हाताने कपाटाची कड घट्ट धरलेली. "लागला बाई एकदाचा," ती दिव्याकडे बघत म्हणाली. "आहात ना रे दोघं? मला वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं."

"आई, हलू नकोस!" ताई किंचाळली. आवाज तिकडे पोचत होता, पण आईला ऐकूच येत नव्हतं. ती वळली. जमीन चाचपत एक पाय खाली सोडला. आणि चित्र अडखळलं, नेहमीसारखं. पाय तसाच अधांतरी.

इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. ताईची नखं माझ्या दंडात रुतली होती.

चित्र हललं, तेव्हा गळ्यात मापाची टेप तशीच लटकत असलेल्या शिंपीणकाकूंनी आईला कमरेला घट्ट धरलं होतं. दोघींना धाप लागली होती. काकू तिला रागावत होत्या, आणि आई हसत त्यांना सांगत होती, "अगं, काही नाही झालं. पोरं सुखरूप आहेत."