बारोनेची मऊ दुपार

मित्रांनो, ‘मी एक जुना खेकडा आहे’ असं सांगायला मी तोंड उघडलं खरं. पण माझ्या अंगावरचं कवच जेमतेम तीन आठवड्यांचं आहे. आतला मी मात्र जुनाच. इटलीतल्या किओज्जा गावच्या खाजणातला.

आमच्या गावात वसंतात मऊ खेकडे तळून खातात. नुकती कात टाकलेला खेकडा काही तासच मऊ राहतो. म्हणून कोण कधी कात टाकणार, हे आधी ओळखावं लागतं. ओलिंदो आजोबा पन्नास वर्षं नुसतं पोट पाहून ओळखत. त्यांनी मला टोपलीतून उचलून उलटं केलं.

“हा बिनकामाचा. यंदा काही कात टाकत नाही.”

“मग मला द्या,” त्यांची नात ओर्नेल्ला म्हणाली.

“घे. तुझ्यासारखाच हट्टी दिसतोय.”

या अपमानामुळे माझा जीव वाचला. स्वयंपाकघरातल्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात मला घर मिळालं. नाव मिळालं बारोने, म्हणजे उमराव. पाहुणे येत, वाकून बघत, “काय रुबाब आहे!” म्हणत.

एप्रिलमध्ये माझी भूक गेली. मी दगडाखाली लपलो.

“आजोबा, हा कात टाकणार असेल का?”

“नाही म्हटलं ना! खाऊन सुस्तावलाय. मी कधी चुकलोय?”

रविवारी दुपारी माझी पाठ मागून उसवली आणि

थांबा. तोंडसुद्धा जुन्या कवचातून काढावं लागतं.

डोळे.

पाय.

उजवी नांगी. अडकली. ओढतोय.

निघाली!

मी लोण्यासारखा मऊ होऊन पडलो. शेजारी माझंच रिकामं कवच. ओर्नेल्लानं ते पाहिलं.

“मेला! माझा बारोने मेला!”

आजोबा धावत आले. मऊ खेकडा दिसला की झटकन पाण्याबाहेर काढायचा, ही त्यांच्या हाताची सवय. हात टाकीत गेला आणि मी थेट ओट्यावरच्या फेटलेल्या अंड्यात पडलो. जेवणासाठी आणलेले चार मऊ खेकडे त्यात आधीच होते. शेजारी तेल तापत होतं.

“आजोबा! तो बारोने होता!”

आजोबांनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

“मी नाही गं… हातानं केलं.”

“मग हाताला सांगा, काढ परत! यातला कोणता बारोने?”

पाचही पिवळे. पाचही सारखे.

“ओळखतो मी.”

“तुम्ही? तुम्ही तर म्हणाला होतात, हा कात टाकत नाही!”

आजोबा अंड्याच्या भांड्यावर वाकले. मग हळूच म्हणाले, “तेव्हा चुकलो.”

त्यांनी एकेकाला बोटाच्या टोकानं स्पर्श केला. “हे चौघं सकाळचे. हा आत्ताचा. अजून नुसतं पाणी आहे पोरगं.”

बरोबर ओळखलं. नाहीतर हे आत्मवृत्त कुणी सांगितलंच नसतं.

त्यांनी मला टाकीतल्याच पाण्यानं धुऊन दगडाखाली ठेवलं. ओर्नेल्ला रिकामं कवच काढायला गेली.

“राहू दे. तो ते खाईल. त्यानं अंग लवकर टणक होतं.”

पुढचे तीन दिवस आजोबा टाकीजवळ आले की दोन्ही हात खिशात घालत.

तर मित्रांनो, तुमच्या टाकीतला खेकडा जेवेनासा झाला, तर त्याला ढोसू नका. कवच दिसलं तर रडू नका, उचलूही नका. काही दिवस त्याला एकट्याला राहू द्या. मग खुशाल भेटायला या. माझी नांगी आता छान टणक झाली आहे. बोट तेवढं सांभाळा.