पडदा

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या डोळ्यावर हात धरला आणि विचारलं, "किती बोटं?"

तिनं बरोबर सांगितलं. मग त्यांनी उजवा डोळा झाकला. तिनं मान पुढे काढून निरखलं.

"हात दिसतोय. बोटं नाहीत."

"कधीपासून?"

"आधी माश्या उडाल्यासारखं व्हायचं. रफू करताना मी त्या हातानं वारायची. ह्यांना सांगितलं, तर हसून म्हणाले, चाळिशी लागली तुला."

डोळ्यांत घातलेल्या थेंबांनी बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. बाईंनी दिव्याच्या उजेडात आत नीट पाहिलं आणि खुर्ची मागे घेतली. डाव्या डोळ्याचा पडदा बराचसा गेला होता. तो परत येणार नव्हता. उजवा वाचवता येईल, पण उपचार आजच सुरू करायला हवेत.

"एड्समध्ये रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या, की काही त्रास जाणवो न जाणवो, दर तीन महिन्यांनी पडदा तपासायचा असतो. कोणी सांगितलं नाही?"

तिनं नकारार्थी मान हलवली. बाईंनी नवऱ्याला आत बोलवायला सांगितलं.

तो आला तशी नर्स ओळखीचं हसली. "आणलंत का शेवटी वहिनींना? मागच्या खेपेला तुमचा पडदा तपासला तेव्हाच म्हटलं होतं, त्यांनाही आणा. तर म्हणालात, तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

त्यानं नजर वळवली. नर्स उगाचच कापूस आवरू लागली.

दोघांना आजार एकच होता. गोळ्यांचा डबाही एकच होता. त्याच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून तीच रोज डबा उघडून त्याच्यासमोर धरायची.

इंजेक्शन झाल्यावर ती बाहेर बाकावर बसली. तो शेजारी बसला. एवढ्या जवळ असूनही त्याचा चेहरा तिला धुरकट दिसत होता.

"मागच्या खेपेला म्हणजे, तुम्ही किती वेळा आलात?"

"येत होतो अधूनमधून."

"मला का नाही आणलंत?"

तो इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "एकट्या माणसाचं काय, चष्म्याला आला म्हणतात. दोघं जोडीनं सारखे इथे दिसलो असतो, तर लोकांनी लगेच आजार ताडला असता."

तिनं पदर सारखा केला. मग ती उठली. तोही उठला.

"यापुढे प्रत्येक वेळी मी तुला घेऊन येईन."

ती भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली. बाहेरचं ऊन मोठ्या झालेल्या बाहुल्यांत एकदम घुसलं आणि पायऱ्या दिसेनाशा झाल्या. त्यानं हात पुढे केला. शेजारून कोणी बाई उतरत होती. त्या बाईची चाहूल लागताच ती म्हणाली, "ताई, एवढ्या पायऱ्या उतरवता का मला?"

"हो, या ना. बरोबर कोणी नाही का?"

"आहेत," त्या बाईचा दंड धरत ती म्हणाली. "पण त्यांना माझ्याबरोबर दिसायचं नसतं."