रायडुल्फचं दार

आमच्याकडे श्रमदानात कोणी कोणाच्या कामाला नावं ठेवत नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. एखाद्याने कुंपण उलटं ठोकलं तरी आपण म्हणायचं, "वा, मजबूत झालंय." मग तो जेवायला घरी गेला की दोघांनी जाऊन ते सुलटं ठोकायचं. परत आल्यावर त्याला ते दिसतं. तो काही बोलत नाही, आपणही बोलत नाही. त्यामुळे गावात भांडणं होत नाहीत आणि कोणाचं कामही सुधारत नाही.

यंदाचं श्रमदान कॅम्पचं होतं. डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, म्हणजे फियोर्डच्या टोकाला रस्ता संपतो तिथे आमचा कॅम्प आहे. जर्मन लोक चाकांवरची घरं घेऊन एवढ्या उत्तरेला येतात, समुद्राकडे बघतात आणि परत जातात. मधली काही वर्षं तेही येईनासे झाले, कारण लाकडी खोल्या कुजल्या होत्या आणि संडासाचं छप्पर एका वादळाने पलीकडच्या गावाला दिलं होतं. बर्फ वितळल्यावर सगळं गाव कामाला लागलं. नवी छपरं, नवा रंग, आणि अगदी पाण्यालगत एक सॉना, म्हणजे वाफ कोंडून अंग शेकायची लाकडी खोली. समितीची अध्यक्ष वेंके. गावातलं एकमेव दुकान तिचं असल्यामुळे ती बिनविरोध निवडून येते. चिटणीस मी. मी शाळेत इतिहास आणि सुतारकाम शिकवतो.

सॉनाचं दार रायडुल्फकडे होतं. त्याला ते कोणी दिलं नव्हतं, त्याने घेतलं होतं. रायडुल्फने ऐंशी कधीच ओलांडली. जन्मभर त्याने बोटी बांधल्या, आणि दुसऱ्यांची वाकडी कुंपणं गुपचूप सरळ करायला जाणाऱ्यांत वर्षानुवर्षं तोच पुढे असायचा. शरद ऋतूत त्याची बायको ओसलौग गेली. त्यानंतर अख्खा हिवाळा तो घराबाहेर पडला नाही. वेंके पायरीवर पाव ठेवून यायची आणि दुसऱ्या दिवशी तो उचललेला बघून आम्हाला सांगायची, "आहे अजून." मग मे महिन्यात एका सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन कॅम्पवर उभा राहिला आणि म्हणाला, "दार माझं." वेंके शेडच्या मागे जाऊन नाक शिंकरून आली. तो बाहेर पडला होता. आता तो पुन्हा आत जाऊन बसू नये, एवढीच गावाची इच्छा होती.

दार त्याने मंगळवारी बसवलं. आम्ही बघायला जमलो. खाली ते उंबऱ्याला घासत होतं आणि वर एवढी फट होती की माझा पंजा सहज आत गेला. सॉनाच्या दाराला फट म्हणजे बोटीच्या तळाला भोक.

"वा," वेंके म्हणाली, "मजबूत झालंय."

"रंग छान आहे," मी म्हणालो. दाराला रंग दिलेला नव्हता.

इसाकने टोपी काढली आणि पुन्हा घातली. इसाक आमचा रेनडिअरवाला, पण करवतीला त्याच्यासारखा हात गावात दुसरा नाही. बोलायची वेळ आली की तो टोपीवर भागवतो.

रायडुल्फने दारावरून हात फिरवला. कोपऱ्यात त्याने आपली खूण कोरली होती, माशाच्या शेपटीसारख्या दोन रेघा आणि एक आडवी. जन्मभर केलेल्या प्रत्येक वस्तूवर ती आहे. "डोळ्यांनी जरा त्रास दिला," तो म्हणाला, "पण बसलं शेवटी."

गुरुवारी तो डोळे तपासायला बसने शहरात गेला, आणि आम्ही तिघं सॉनापाशी जमलो.

"सांगून टाकू या का?" इसाक म्हणाला.

"सांग की मग."

"मी? मी जनावरांत राहणारा माणूस. अध्यक्ष तू आहेस."

"चिटणीस सांगेल," वेंके म्हणाली. "त्याने एवढं शिक्षण घेतलंय ते कशाला?"

मी म्हणालो की अशा गोष्टी योग्य वेळ पाहून सांगाव्या लागतात. शिकल्यामुळे माणसाला एवढं नक्की येतं, की आजची वेळ योग्य का नाही हे पटवून देता येतं.

"पुन्हा घरात जाऊन बसला तर?" वेंके म्हणाली, आणि विषय संपला.

उरलेल्या फळ्यांतून इसाकने दुपारपर्यंत नवं दार केलं. पाणसळ लावून पाहिली, बुडबुडा मधोमध. बिजागऱ्या त्याच. दार बसलं, बंद झालं, फटीत कागदसुद्धा जाईना. मग इसाकने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "खूण?"

पटाशी मी घेतली. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणं ही चोरी, असं मी वर्गात मुलांना सांगत असतो. इथे आमचं काम मी दुसऱ्याच्या नावावर चढवत होतो. त्याला काय म्हणतात, ते अभ्यासक्रमात नाही. माझ्या रेघा सुबक आल्या.

जुन्या दाराचं काय करायचं, हा प्रश्न उरला. आमच्याकडे झाडी नाही आणि उन्हाळ्यात अंधार पडत नाही. लपवालपवीला अत्यंत गैरसोयीचा मुलूख. शेवटी किनाऱ्यावर सणाच्या होळीसाठी कुजक्या फळ्यांचा ढीग रचलेला होता, त्यात समुद्राच्या बाजूने आम्ही ते सरकवलं आणि वर दोन मोडकी खोकी टाकली. शनिवारी आग लागली की संपलं.

शनिवारी मध्य-उन्हाळ्याचा सण आणि कॅम्पचं उद्घाटन एकत्रच होतं. रेनडिअरचा रस्सा, सॉसेज, वॉफल आणि त्यावर तपकिरी चीज. कॉफी तर एवढी की तिच्यात बोट सोडता आली असती. संध्याकाळ उलटली तरी ऊन तसंच होतं. वेंकेने भाषण केलं, सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाली, "सॉनाचं दार ज्याने केलं, त्यानेच ते उघडावं."

टाळ्या पडल्या. रायडुल्फने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन हिवाळ्यात ठेवलं होतं, त्यामुळे तो जे बघायचा ते हातांनीच. हात वरच्या कडेवरून गेला, खाली आला, कोपऱ्यात थांबला. माझ्या रेघांवर त्याचा अंगठा बराच वेळ राहिला. मी कॉफी प्यायला लागलो. कप रिकामा होता.

"छान लागतंय," तो म्हणाला.

होळी पेटवायचा मानही आम्ही त्यालाच द्यायचं ठरवून ठेवलं होतं. ज्याला फसवलं त्याला मान जरा जास्तच द्यावासा वाटतो. पण समोरून काडी लावायची एवढं साधं काम म्हातारा साधेपणाने करेना. वारा कुठून आहे बघायला त्याने गाल फिरवला आणि ढिगाला वळसा घालून समुद्राच्या बाजूला गेला. इसाकने टोपी काढली. या वेळी घातली नाही.

पलीकडून खोकी बाजूला पडल्याचा आवाज आला. मग त्याची हाक: "शेटिल. इकडे ये, एक टोक धर."

शेटिल म्हणजे मी.

त्याचं बोटींचं गोदाम कॅम्पपासून चांगलं लांब आहे. वाट सगळ्या गावासमोरून जाते. मी मागचं टोक धरलं. लोक सॉसेजच्या काड्या हातात घेऊन उभे होते आणि समुद्राकडे बघत होते. आम्ही त्यांच्यामधून दार घेऊन गेलो. कोणाचंच लक्ष नाही, असं प्रत्येक जण फार मेहनतीने दाखवत होता. सूर्य माझ्या तोंडावर होता, आणि हात गुंतलेले.

गोदामात दार टेकवून तो म्हणाला, "किती?"

"काय किती?"

"फट."

"वर चार बोटं. खाली घासत होतं."

"आणि तू म्हणालास, रंग छान आहे." तो पेटीवर बसला. "आणखी काय काय दुरुस्त केलंत माझं?"

मला वाटलं, योग्य वेळ पाहून सांगू असं म्हणावं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला माझा चेहरा धड दिसत नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी मान खाली घातली.

"चर्चचा कठडा," मी म्हणालो. "मागच्या वर्षी."

"अजून?"

"धक्क्यावरचं बाक. इसाकची छोटी बोट. तिचा तळ त्याने पुन्हा घातला."

"खूण कोण काढतं?"

"मी."

त्याने मान हलवली, म्हणजे कारागीर कोण एवढंच विचारायचं होतं. मग बराच वेळ तो गुडघे चोळत राहिला. आता त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं होतं, आणि त्याने ते विचारू नये असं मला फार वाटत होतं.

"ओसलौगचा क्रूस?"

थडग्यावरचा क्रूस त्याने तिच्या मागोमाग, त्याच शरद ऋतूत केला होता.

"त्याला कोणी हात लावला नाही," मी म्हणालो. निदान हे तरी खरं होतं. "तशी कोणाची हिंमत झाली नाही."

"म्हणजे तो वाकडा आहे."

मी दाराच्या कडेवरची धूळ पुसायला लागलो.

"शेटिल."

"फियोर्डकडे कललाय," मी म्हणालो. "आणि आडवी फळी एका बाजूला खाली आहे."

"अख्खा हिवाळा?"

"हो."

"आणि तुम्ही सगळे त्याच्यासमोरून चर्चला जात होतात."

"हो."

तो उठला. मला वाटलं, आता हा घराकडे वळेल, दार लावून घेईल आणि वेंके पुन्हा पायरीवर पाव ठेवू लागेल. तो गोदामाच्या दारात थोडा वेळ उभा राहिला. मग उतारावरून कॅम्पच्या दिशेने चालू लागला. मी मागे.

होळी कोणी पेटवली नव्हती. अकॉर्डियनवाला आपलं वाद्य मांडीवर घेऊन नुसता बसला होता. वेंके वॉफलची ताटली घेऊन पुढे आली, आणि ती द्यावी की परत न्यावी हे न सुचल्यामुळे तशीच उभी राहिली.

"सोमवारी," रायडुल्फ म्हणाला, "मला ओसलौगचा क्रूस सरळ करायचाय. मला दिसत नाही. माणूस लागेल."

आमच्या गावात कोणी 'मला दिसत नाही' असं सगळ्यांसमोर म्हटल्याचं मला आठवत नाही. बाह्या सळसळल्या आणि हात भराभर वर गेले. वेंकेचा, इसाकचा, माझा, अकॉर्डियनवाल्याचा. एवढ्या हातांनी क्रूसच काय, चर्च उचललं असतं.

"सगळे नकोत," तो म्हणाला. "हात वर करायला तुम्ही सगळे चांगले आहात. क्रूस माझा मी सरळ करीन. मला नुसतं सांगायला माणूस हवाय, सरळ आहे की नाही. तर जो मला खोटं सांगणार नाही, त्यानेच हात वर ठेवायचा."

आधी अकॉर्डियनवाल्याचा हात खाली आला. मग इसाकचा. वेंकेचा थोडा वेळ राहिला, पण तिला स्वतःचीच खात्री वाटेना. माझा कधी खाली आला ते मला कळलं नाही.

रायडुल्फ वाट बघत राहिला. हात दिसत नसले, तरी शांतता त्याला ऐकू येत होती.

"मग दोघं या," तो म्हणाला. "एक सांगत असेल तेव्हा दुसऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघायचं."

कोणी हसलं नाही. त्याने वेंकेच्या हातातली ताटली घेतली, एक वॉफल तोंडात धरलं आणि वाऱ्याकडे पाठ करून काडी ओढली. लाकूड कोरडं होतं, लगेच धरलं. आम्ही सगळे एकदम आगीकडे बघायला लागलो, कारण त्या वेळी बघायला दुसरी कुठलीच जागा नव्हती.