दोन सूत सैल

कागदाचं माप कशात लिहायचं यावरून आमच्या ऑफिसात महिनाभर वाद चालू होता. ऐकून ताई म्हणाली, "तुम्हाला दुसरी कामं नाहीत का गं?" नव्हती. आम्ही प्रिंटरचं सॉफ्टवेअर बनवतो आणि त्यातला कागदांच्या मापांचा तक्ता माझ्या गळ्यात पडला होता.

ए-फोर दोनशे दहा मिलिमीटर रुंद, इथवर कुणाचं भांडण नाही. पण आमच्या जुन्या प्रोग्रॅमला मिलिमीटर कळत नाहीत, त्याला पॉइंट लागतात, एका इंचाचे बहात्तर. पॉइंट केले की अपूर्णांक येतो. साहेब म्हणतात, अपूर्णांक उडवा. उडवला आणि परत मिलिमीटर केले, की दोनशे दहाचे थोडे कमी होतात आणि प्रिंटर बोंबलत बसतो, ए-फोर घाला, ए-फोर घाला. अरे मेल्या, पोटात काय आहे मग तुझ्या? माझ्या शेजारी बसतो त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण त्याला प्रत्येक मापात दशांशचिन्हापुढे सहा आकडे लागतात. मला दोन पुरे होते. दोनच का, हे साहेबांना समजावता समजावता माझं मलाच कळेनासं झालं.

यात ताईच्या हाताचं आलं. ताईचं बायकांचं सलून आहे. तिथं गरम मेणाचं भांडं तिच्या उजव्या हातावर पालथं झालं. जखमा भरल्या, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, आता घट्ट हातमोजा दिवसरात्र घालायचा. नाहीतर नवी कातडी जाड होऊन आवळत जाईल आणि अंगठा आत ओढला जाईल, तो कायमचाच. म्हणजे कात्री धरणं संपलं. ताईच्या हातातून कात्री गेली तर तिचं काय उरेल?

हॉस्पिटलात कागदावर तिचा पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. तो कागद स्कॅन करून दुसऱ्या गावच्या हातमोजेवाल्या बाईंना पाठवला. त्यांनी तो छापला, त्यावरून हातमोजा शिवला आणि पाठवला. यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा सैल.

बाईंनी फोनच्या व्हिडिओवर बघितलं आणि म्हणाल्या, "दोन सूत सैल आहे."

"सूत म्हणजे?" मी विचारलं.

"सूत म्हणजे सूत. आठ सुतांचा इंच. नवीन शिवू का?"

मी मनात हिशेब केला. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर आणि वर थोडंसं. आणि आपला ए-फोर आणि अमेरिकेतला लेटर, या दोन कागदांच्या रुंदीत फरक किती? सहाला जरासा कमी! सापडला चोर. एकीकडे ए-फोर, दुसरीकडे लेटर, मध्ये पंज्याचं माप बदललं.

"अजिबात शिवू नका," मी म्हणाले. "कागदात घोटाळा आहे. दुसराही सैलच येईल. आधी कागदाचं ठरू दे."

"अगं, पण मला हात हल्ली जरा..." ताई म्हणाली.

"ताई, मध्ये बोलू नकोस ना, आकडा विसरेन."

मी हात धुऊन मागे लागले. बाईंकडचा कागद कुठला? "पांढरा," बाई म्हणाल्या. टेपनं मोजायला लावला तर आठ इंच, दोन सूत आणि वर केसभर. म्हणजे ए-फोर. हॉस्पिटलातला? तोही ए-फोर. मग बाईंच्या प्रिंटरनं 'पानात बसवा' करून बदललं असणार! मी दशांशला सगळं सांगितलं. त्यानं सहा आकडी गणित मांडलं आणि डोकं खाजवलं.

"पानात बसवताना चित्र लहान होतं," तो म्हणाला. "मग हातमोजा घट्ट व्हायला पाहिजे. सैल कसा झाला?"

आम्ही ते उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. कागद आडवा धरला. माझं डोकं भणभणायला लागलं. तेवढ्यात साहेब आले, आमची तोंडं बघून खूश झाले. "वा! मग काय ठरलं, मिलिमीटर की पॉइंट?"

असे दोन-तीन आठवडे गेले. शेवटी मी बाईंना शंभर मिलिमीटरची एक रेघ पाठवली आणि छापून मोजायला सांगितली. त्यांचा फोन आला. "बरोबर शंभर."

"मग हातमोजा सैल का?"

"ते तुम्ही सांगा बाई. कागदातलं तुम्हाला कळतं."

त्या संध्याकाळी मी पंज्याचं चित्र मापाबरहुकूम छापून ताईकडे गेले आणि तिच्या टेबलावर पसरलं. "हे बघ. यात कणभर चूक नाही. आता तूच सांग."

ताईनं हातमोजा काढला आणि हात चित्रावर ठेवला. पेन्सिलीची रेघ सगळीकडून बाहेर दिसत होती. प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजूंना कोरा कागद.

"हे काढलं तेव्हा हात सुजून टम्म झाला होता," ताई म्हणाली. "सूज उतरली. हल्ली हात हलका वाटतो, हेच मी सांगत होते. तू ऐकतेस कुठे?"

आम्ही इथला कागद मोजला, तिथला कागद मोजला, रेघ मोजली. हात मोजायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही.

"मग चांगलंच झालं की!" मी म्हणाले. "पंजा उघड बघू."

तिनं अंगठा बाहेर न्यायला सुरुवात केली. तो अर्ध्यावर थांबला. अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी जाड होऊन ताणली गेली होती.

"हे कधीपासून?"

"झालं हळूहळू," ताई म्हणाली. "सैल हातमोज्यात."

मी बाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि अंगठ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "टेप घ्या. बोटाच्या मुळाशी गोल फिरवा, आवळू नका. उद्याच शिवते. कातडी चोळत राहिलात तर अंगठा सुटेलही." सुटेल म्हणाल्या नाहीत, सुटेलही म्हणाल्या.

"इंचात सांगू की मिलिमीटरमध्ये?" मी विचारलं.

"आधी हात तर धरा."

मी टेप घेऊन तशीच उभी राहिले.

"भाजल्यापासून तू याला एकदाही शिवली नाहीस," ताई म्हणाली. रागानं नाही, सहज. "माहितेय मला. भीती वाटते ना तुला?"

वाटत होती. त्या हाताकडे बघवत नव्हतं मला. कागदाकडे कितीही वेळ बघता येत होतं.

मी खाली बसले आणि तिचा हात माझ्या हातात घेतला. गरम होता, आणि खरखरीत. ताईनं ओठ घट्ट मिटले आणि ती अंगठा माझ्या बोटावर दाबायला लागली. तिच्या कपाळावर घाम आला.

"कळतंय का मी दाबतेय ते?" तिनं विचारलं.

मला काहीच कळत नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "चांगलंच कळतंय."