अकरावी गोळी

भावसिंगने परातीतल्या ज्वारीच्या पिठात गुळाचं पाणी ओतलं आणि कुचल्याच्या विषारी बियांची पुडी उलगडली. पूड वस्त्रगाळ होती. ती पिठावर पसरताना त्याने श्वास रोखून धरला; नाकात गेली तरी घसा कडू होई. पीठ मळून त्याने बोराएवढ्या दहा गोळ्या वळल्या.

अकराव्या गोळीचं पीठ वेगळ्या वाटीत होतं. त्यात कुचला नव्हता, कडुलिंबाच्या पाल्याचा रस होता. गुळाने त्याचा हिरवेपणा झाकला जाई. ती गोळी त्याने अंगठ्याने जराशी चपटी केली आणि परातीच्या कडेला ठेवली. ती प्रेमसिंगची, त्याच्या मुलाची.

"काय भावसिंग, बैलं तयार का?"

दारात माणिकराव उभे होते. ते कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर, आणि जिनिंगच्या फुटबॉल टीमचा सगळा कारभारही त्यांच्याकडेच.

"व्हय सायेब."

"आज हाफटाइमला पण एक-एक दे. काल शेवटी शेवटी सगळे पाय ओढून राहिले होते."

भावसिंगचा हात परातीत थांबला. "दोन न्हाई द्यायच्या, सायेब. बैलाला आमी घाट चढताना एक देतो. वर गेल्यावर दिसभर मानेवर जू ठेवत न्हाई."

"बैलाला शील्ड जिंकायचं असतं का? शेठजी आलेत हैदराबादेहून. तहसीलदारसाहेब येऊन राहिले. दे म्हणलं की द्यायचं."

"अर्ध्या-अर्ध्या करू?"

"कर. पण दे."

माणिकराव गेले. भावसिंगने उरलेलं पीठ पुढे ओढलं, पुडीतली उरलेली पूड त्यात टाकली आणि घाईने मळायला घेतलं.

दोन वर्षांपूर्वी वाशीमकडच्या चढावर कापसाच्या गाड्या अडकल्या होत्या. इतरांचे बैल गुडघे टेकत असताना भावसिंगची जोडी गाडी ओढत वर गेली. ते माणिकरावांनी पाहिलं होतं. बैलांना काय चारतोस, असं त्यांनी तेव्हा सहज विचारलं आणि भावसिंगने सहज सांगितलं. तांड्यावर ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुढच्या मोसमात माणिकरावांनी त्याला टीमच्या मालिशीसाठी ठेवून घेतलं. तेल चोळायचं, घोट्याला पट्ट्या बांधायच्या आणि मॅचच्या आधी गोळी द्यायची. जडीबुटी आहे, एवढंच पोरांना सांगितलेलं. टीममध्ये आहे तोवर जिनिंगचा माणूस तराजूपाशी हलक्या कामाला बसे. पाय थकला की पुन्हा गठाणी उचलायला जाई. प्रेमसिंगची छाती लहानपणापासून सरकीच्या धुळीत धरे. म्हणून भावसिंगने नाही म्हटलं नव्हतं. म्हणूनच त्याने अकरावी गोळी वेगळी केली होती.

पल्टणीच्या जुन्या मैदानाशेजारी, चिंचेखाली, टीम रांगेत उभी राहिली. सगळे अनवाणी, फक्त घोट्यांना पट्ट्या.

"काका, शेणात घोळता का हो ह्या?" डोंगरकडा गावचा संतराम म्हणाला. तो गोलकीपर, टीममध्ये वयाने सगळ्यात मोठा. "माझी म्हैस पण तोंड फिरवील."

"तुझी म्हैस गोल तरी अडवती का?" कोणीतरी मागून म्हणालं, आणि रांग हसली.

भावसिंग एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवत गेला. शेवटी दोघं उभे होते, प्रेमसिंग आणि वसराम. वसराम भावसिंगच्या बहिणीचा मुलगा, त्याच तांड्यातला. अंगाने काडी आणि पायाने वारा. त्याच्या हातावर गोल गोळी ठेवताना भावसिंग त्याच्याकडे बघत नसे. दोन निंबाच्या केल्या तर खेळात फरक दिसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. प्रेमसिंगला त्याने चपटी दिली. ते दोघं नेहमीप्रमाणे पाठ करून पट्ट्या आवळायला बसले. भावसिंग नेहमीप्रमाणे माणिकरावांकडे बघत राहिला.

हाफटाइमला त्याने अर्ध्या गोळ्या दिल्या. प्रेमसिंगची तेव्हाही चपटीच होती.

मॅच संपायला आली तेव्हा वसरामने नांदेडच्या टीमवर गोल केला. लोक मैदानात घुसले, त्यांनी वसरामला खांद्यावर घेतलं. गर्दीने आरोळी ठोकली तसा प्रेमसिंग अंगावर कोणी धावून आल्यासारखा दचकला. मग तो गोलच्या खांबाला पाठ लावून खाली बसला. भावसिंग त्याच्यापाशी पोचला तेव्हा त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या.

पोरांनी त्याला उचलून जिनिंगमागच्या खोलीत, बाजेवर आणून टाकलं. डोळे उघडे, शुद्ध पुरती. जबडा मात्र घट्ट बसला होता आणि ओठ असे मागे ओढले गेले होते की तो हसतोय असं वाटावं. कोणाच्या तरी हातून तांब्या फरशीवर पडला. त्या आवाजासरशी प्रेमसिंगची पाठ कमान होऊन वर उचलली. टाचा आणि डोकं एवढंच बाजेला टेकलेलं राहिलं. थोड्या वेळाने ती हळूहळू खाली आली.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर औंढेकर आले. त्यांनी आधी दार लोटून घेतलं, खिडकीवर घोंगडी टाकायला लावली, आणि मग बराच वेळ नुसतं बघितलं.

"धनुर्वात असणार," माणिकराव म्हणाले. "अनवाणी खेळतात. परवाच खिळा लागला होता त्याला."

"धनुर्वातात झटक्यांच्या मधे अंग असं सैल पडत नाही. याचं पडतंय." डॉक्टरांचा आवाज थकलेला होता; दिवसभर ते तापाच्या साथीत खेडोपाडी फिरून आले होते. "काहीतरी विष पोटात गेलंय. काय खाल्लं यानं?"

"ह्यानं कुचला खाल्लेला न्हाई," भावसिंग म्हणाला. "देवाशपथ सांगतो डाक्टरसायेब. ह्याला म्या देतच न्हाई."

डॉक्टरांनी मान वर केली.

"कुचल्याचं नाव मी अजून काढलं नव्हतं," ते हळू म्हणाले. "मग कोणाला देता?"

भावसिंगने दाराशी उभ्या असलेल्या पोरांकडे पाहिलं. संतरामने हाताच्या पाठीने ओठ पुसले आणि ते पुसून झाल्यावरही हात तोंडावरच ठेवला. माणिकराव खिशात घड्याळ चाचपत बाहेर निघून गेले.

डॉक्टरांनी प्रेमसिंगला क्लोरोफॉर्म हुंगवला, जबडा सुटल्यावर नळी घातली आणि लाल औषधाच्या पाण्याने पोट धुतलं. मग झोपेचं औषध दिलं. हे सगळं चाललं असताना त्यांनी भावसिंगला एकच काम सांगितलं, कंदील धरायचं. आणि कंदील हलू नये म्हणून भावसिंगने तो दोन्ही हातांनी धरला.

"वाचेल?"

"रात्र गेली तर वाचेल."

ओसरीवर येऊन डॉक्टरांनी पोरांना भिंतीच्या ओट्यावर, पाय लोंबते सोडून बसवलं. "पिठात पूड सारखी मिसळत नाही," ते म्हणाले. "कुठे दाट पडते, कुठे पातळ. कोणाच्या पोटात किती गेली ते बघू द्या." त्यांनी संतरामच्या गुडघ्याच्या वाटीखाली हाताच्या कडेने हलकेच ठोका दिला. त्याचा पाय सटकन उसळून समोर गेला. पुढच्याचाही. त्याच्या पुढच्याचा इतका, की त्याने घाबरून मांडी धरली.

वसरामचा पाय नुसता झुलला, कोणाही धडधाकट माणसाचा झुलावा तेवढा.

डॉक्टरांनी दुसरा गुडघा तपासला. "तू गोळी घेत नाहीस का?"

"घेतो की."

"आजची खाल्लीस?"

"दोन्ही." वसरामने आधी डॉक्टरांकडे आणि मग भावसिंगकडे पाहिलं. "माझी प्रेमदादा बदलून घेतो. म्हणतो, तुझी गोल हाय, मला गोल आवडती. चपटी तू खा. रोजच घेतो. मजाक करून राहिला असं वाटायचं मला. काहून मामा? काय झालं?"

भावसिंगने खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली. शेठजींनी मिरवणूक काढायला सांगितली होती. बाजारपेठेतून वळसा घेऊन ती जिनिंगकडे येत होती.

"हे थांबवा," डॉक्टर म्हणाले. "आता मोठा आवाज कानावर पडला तर पुन्हा झटका येईल. त्यात श्वास अडकला तर माझ्याकडे काही इलाज नाही."

सगळ्यात आधी संतराम उठला. त्याच्यामागे बाकीचे. ओसरीवरून भावसिंगला फाटकापर्यंतचं दिसत होतं. पोरं रस्त्यात आडवी झाली. संतरामने वाजवणाऱ्याच्या हातातल्या हलगीवर आपला पंजा पसरून ठेवला. माणिकराव हातवारे करत पुढे आले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण हलगी पुन्हा वाजली नाही. गुलाल अंगावर घेतलेले लोक थोडा वेळ उभे राहिले आणि पांगले.

मग पोरांनी आवारातल्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरात सरकी कोंबली. आत येणाऱ्या गाड्या फाटकाशीच सोडवल्या. एकाला खोकला आला तर तो तोंडात उपरणं धरून आवाराच्या टोकापर्यंत पळत गेला. हे झाल्यावर ते ओसरीवर येऊन ओळीने बसले. बसल्या जागी कोणाची मांडी फडफडे, कोणाचं बोट उडे. आणि आता त्याचं कारण त्यांना ठाऊक होतं. भावसिंग त्यांच्यासमोरच बसला होता. कोणीतरी उठून शिवी द्यावी म्हणून तो वाट पाहत राहिला. पण आवाज करायचा नव्हता.

सकाळी प्रेमसिंगने पाणी मागितलं. आवाज घोगरा होता, जबडा दुखत होता. भावसिंगने चमच्याने पाणी पाजलं.

"तुला कळत होतं?"

"निंब मला कळणार न्हाई का, बापू? पाडव्याला तूच चारायचास, नाक दाबून."

"मग माझ्याकडं काहून आला न्हाईस?"

"येऊन काय? तू दोन निंबाच्या केल्या असत्यास?"

भावसिंगने चमचा पुसला. पुन्हा पुसला.

"हलक्या बैलाला तू कधी दिली का गोळी?" प्रेमसिंग म्हणाला. बोलताना त्याला मधे थांबावं लागत होतं. "जोडीतल्या भारी बैलालाच द्यायची, म्हणायचास. वसराम हलका हाय."

भावसिंगने मुलाच्या पायांवरची वाकळ ओढून सारखी केली. ती सारखीच होती.

बाहेर डॉक्टर सायकलला पिशवी अडकवत होते. "याला महिनाभर मैदान नाही," ते माणिकरावांना म्हणाले. "आणि गोळी बंद. सगळ्यांची."

"बंदच समजा."

डॉक्टर भावसिंगकडे वळून म्हणाले, "मी वर कळवू शकतो. वर म्हणजे तहसीलदार. काल ते पहिल्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते." ते सायकल हातात धरून चालत फाटकाबाहेर गेले.

"रविवारी फायनल," माणिकराव म्हणाले. "प्रेमसिंगच्या जागी हरिचंद येईल. अकरा कर."

"म्या न्हाई करत, सायेब."

"नको करूस. हिंगोलीत हकीम काय कमी आहेत? दुसरा करील. त्याला तुझं बैलाचं माप पण माहीत नसणार." माणिकराव चिडलेले नव्हते. त्यांचीही रात्री झोप झालेली दिसत नव्हती. "मला शेठजींना तोंड दाखवायचंय, भावसिंग."

भावसिंगने खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

"करतो," तो म्हणाला.

रविवारी टीम चिंचेखाली उभी राहिली. त्या दिवसापासून भावसिंगशी कोणी बोललं नव्हतं. मालिशीलाही कोणी पाय पुढे केला नव्हता. या वेळी माणिकराव परातीला लागूनच उभे होते. परातीत अकरा गोळ्या होत्या, सगळ्या गोल.

भावसिंगने पहिली संतरामच्या तळहातावर ठेवली. संतराम गोळीकडे बघत राहिला. मग त्याने भावसिंगकडे पाहिलं. भावसिंगने नजर हलवली नाही.

"खा ना रे," माणिकराव म्हणाले.

संतरामने गोळी तोंडात टाकली. दोनदा जबडा हलला आणि थांबला. त्याने जीभ टाळूला लावून पाहिली. मग ती गिळून त्याने नाक, डोळे, सगळा चेहरा आक्रसून घेतला आणि बाजूला वळून थुंकला.

"थू! आज तर लईच कडू केली, काका."

हे जरा मोठ्याने म्हटलेलं होतं. रांगेतल्या पुढच्याने त्याच्याकडे बघत आपली गोळी तोंडात घेतली, क्षणभर थबकला, आणि त्यानेही तोंड वाकडं केलं. "जीभ जळाली," तो म्हणाला. त्याच्या पुढचा खोकला. हरिचंदला खरोखरच उमासा आला. वसराम शेवटी उभा होता. त्याने मुकाट्याने गोळी चावून गिळली, चव त्याच्या रोजच्या चपटीचीच होती, आणि तो पट्टी बांधायला खाली वाकला.

माणिकरावांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्यांचं समाधान झाल्यासारखं दिसलं.

शिट्टी झाली. मैदानाभोवती लोकांच्या रांगा होत्या, पलीकडे समोरची टीम पळतच उतरत होती. हे अकराजण चिंचेखालून निघाले. मोसमभर खेळून पाय भरून आले होते, आणि ते तसेच जड पडत होते.

"अरे, पळत जा की!" माणिकराव मागून ओरडले.

कोणी पळालं नाही.