उठल्याबरोबर पुसलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. माणसाचा नव्हे, अंडी उबवणाऱ्या पेटीचा. एक हिरवी पट्टी, तिच्यावर चार-दोन काळ्या चिपा, तीन बटणं आणि आकडे-अक्षरं दाखवणारी काच, एवढाच माझा संसार. माझ्या पेटीतून आजवर इतकी पिल्लं बाहेर पडली की ती रांगेत चालवली, तर रांगेचं शेपूट येईपर्यंत पुढच्या पिल्लाला पतवंडं होतील. बरं, थोडं वाढवून सांगितलं. थापा मारायची खोड आहे मला. पण आता जे सांगतो त्यात एक अक्षर वाढवलेलं नाही, कारण ते सांगताना माझी मान खाली जाते.

मला घडवणाऱ्या इंजिनिअरने एक शिस्त लावली होती: उठल्याबरोबर पाटी पुसायची, मग कामाला लागायचं. मी मधेच बंद पडून पुन्हा सुरू झालो, की का पडलो त्याचं कारण माझ्या पोटातल्या एका कोपऱ्यात आपोआप लिहिलं जाई. कुणी प्लग काढला, की व्होल्टेज कमी पडलं, सगळं तिथे असे. मी ते न वाचताच पुसून टाकी आणि वर स्वतःला मोठा टापटिपीचा समजे.

पेटी भाच्याची होती, पण माझ्या खोलीची किल्ली त्याच्या आत्याकडे असे. सकाळ-संध्याकाळ ती यायची, पाणी भरायची आणि काचेवर टिचकी मारून विचारायची, "काय ठोकळ्या, बरं चाललंय ना?" एकवीस दिवसांनी पिल्लं चिवचिवली की माझं असं कौतुक करी, जणू अंडी मीच घातली होती.

सात-आठ वर्षं सुखात गेली. मग मी अचानक बंद पडायला आणि क्षणात पुन्हा उठायला लागलो. उठलो की मला वाटे, आज अंड्यांचा पहिलाच दिवस. आत्या काच बघून हसे, वहीत बघून खरा दिवस पुन्हा लावून देई. भाच्याला मात्र एकच कारण सुचलं. खोलीत आत्याची चहाची किटली होती ना! "आत्या, किटलीसाठी तूच याचा प्लग काढतेस, परत लावतेस आणि विसरून जातेस." आधी हे हसत म्हटलं, मग हसू गेलं. आत्याने किटली घरी नेली. मी तरीही पडतच राहिलो.

एकदा ती दोन दिवस बहिणीकडे गेली. ती निघाल्यावर तासाभरात मी पडलो. अंड्यांचा अठरावा दिवस होता. शेवटचे तीन दिवस अंडी हलवायची नसतात, पण मी पहिला दिवस समजून दर तासाला ट्रे कलवत राहिलो. साठ अंड्यांतून एकही पिल्लू आलं नाही.

भाचा ओरडला नाही. जाताना प्लगला हात लागला असेल तुझा, एवढंच म्हणाला. आत्याने किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "असेल रे. हल्ली माझा मलाच भरवसा नाही."

मित्रांनो, कारण माझ्या पोटात लिहिलं गेलं होतं. मी ते पुसलं होतं.

किल्ली भाच्याकडे गेली तरी मी पडतच होतो, म्हणून शेवटी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. त्यांनी वायर बदलली, ठोकून पाहिलं, दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसल्या. मी दिवसभर गुणी बाळासारखा वागलो. मग त्यांनी आत्याला बोलावून घेतलं आणि हा कधी पडतो म्हणून विचारलं.

"ट्रे कलायला लागले की," आत्या म्हणाली. "दर वेळी नाही. पण पडतो तेव्हा मोटरची घरघर असतेच."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. विसराळू बाईचं कोण मनावर घेतं?"

बाईंनी माझा प्रोग्रॅम उघडला आणि कपाळाला हात लावला. हा गडी उठल्याबरोबर स्वतःचाच पुरावा पुसतोय, असं म्हणून त्यांनी मला नवी शिस्त लावली: आधी कारण जपून ठेवायचं, मगच पाटी पुसायची.

तिसऱ्या दिवशी मी पडलो. उठलो तेव्हा काचेवर अक्षरं उमटली: व्होल्टेज कमी. प्लग काढला असता तर वेगळं कारण आलं असतं. बाईंनी माझी पाठ उघडली. हवेची जाळी पिल्लांच्या लवीने गच्च बुजली होती. आतल्या उकाड्याने माझा कपॅसिटर, म्हणजे अडीअडचणीला वीज धरून ठेवणारा छोटा डबा, टम्म फुगला होता. हीटर आणि मोटर एकदम वीज ओढत, तेव्हा त्याला भार पेलवत नसे. जाळी दर महिन्याला झाडायचं काम कुणाचं, असं बाईंनी विचारलं. भाचा छताकडे बघू लागला. काम त्याचंच होतं.

संध्याकाळी त्याने किल्ली आत्यासमोर धरली. "चुकलं माझं."

आत्याने किल्ली घेतली नाही. आधी विचारलं, "म्हणजे मी विसरले नव्हते? एकदाही?"

"एकदाही नाही, आत्या."

तेव्हा तिने किल्ली घेतली.

नवा कपॅसिटर बसल्यापासून मी एकदाही पडलेलो नाही. आत्या पुन्हा येते, टिचकी मारते, ठोकळ्या म्हणते. पण जाताना दारापर्यंत जाऊन परत फिरते, प्लगला हात लावून बघते, दिवा बंद करते आणि पुन्हा एकदा बघायला येते. पूर्वी ती असं करत नसे.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवतो. आमची जाळी वेळेवर झाडा. आणि आम्ही बिघडलो तर आमची पाठ आधी उघडा, माणसावर बोट नंतर ठेवा. माझा बिघाड एका दुपारीत दुरुस्त झाला. आत्या अजून दारातून परत फिरते.